कड्यातला उजेड आणि गावचा कौल

माझ्या मार्गदर्शकांचं पत्र गुरुवारी दुपारी हातात पडलं. मुंबईहून निघून आमच्या गावात पोचायला त्याला सात दिवस लागले होते, आणि आत लिहिलं होतं, ‘शनिवारी संध्याकाळपर्यंत तारेने होकार किंवा नकार कळव. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाईल.’ ओटीवर उभी राहून मी ते तीनदा वाचलं. पोस्टमनकाका अजून पायरीवरच होते. ‘काय गो, बरा आसा मां सगळा?’ त्यांनी विचारलं. मी ‘व्हय’ म्हटलं. 

ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. मी मुंबईतल्या एका संस्थेत भौतिकशास्त्रात संशोधन करत होते आणि गणपतीला घरी आले होते. आमचं गाव मसुऱ्याच्या अलीकडे, मालवणहून एसटीने तासाभराचं. घरी बाबा एकटे असत. ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून बाबा स्वतःचा भात स्वतः लावत, आणि रोज तो थोडा करपवत. मला भाऊ-बहीण कोणी नाही. हे सगळं पत्र लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मुदत बदलली नसती.

पत्रात होतं ते असं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत दीड वर्षाची जागा होती, आणि ती नेमकी माझ्या कामाची होती. माझं काम होतं उजेडाला वळण लावायचं. आमच्या टेबलावर तिळाएवढा अर्धवाहकाचा तुकडा होता, आणि त्याच्याभोवती आरसे असे लावलेले, की तुकड्यातून निघालेला उजेड फिरून परत त्याच तुकड्यात शिरावा. उजेडाचं कडंच म्हणा. या कड्यात उजेड सुलटही फिरू शकतो आणि उलटही. दोघांना खुराक मात्र एकाच तुकड्यातून. त्यामुळे जो आधी उचल खातो तो दुसऱ्याला उपाशी ठेवतो. आज बटण दाबलं की सुलटा जिंकला, उद्या उलटा. मध्येच कारण नसताना पारडं फिरायचं. हा उजेड डोळ्यांना दिसतही नाही. मी पडद्यावरच्या दोन रेघांकडे बघत बसायची, एक वर गेली की दुसरी खाली.

हा उजेड आपल्याला हवा त्या दिशेने फिरवता आला पाहिजे, हा माझा प्रश्न. दोन महिने माझा उजेड सारखा सुलटाच जाई आणि मी खूश होते, की मला काहीतरी साधलं. मग एके दिवशी मार्गदर्शकांनी भिंगाच्या चौकटीतल्या पितळी स्क्रूवर बोट ठेवलं. त्या चकचकीत डोक्यावरून उजेडाचा एक कण परत कड्यात जात होता आणि तेवढ्यावर निकाल लागत होता. ‘प्रयोग तुझा नाही, या स्क्रूचा आहे,’ ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्क्रूला काजळी फासली, आणि उजेड परत मोकाट सुटला. नंतर आम्ही मुद्दाम एक आरसा लावला. गंमत अशी, की सुलटा उजेड हवा असेल तर आरसा उलट्याच्या वाटेत ठेवायचा. बाहेर पडणारा उलटा त्यावर आपटून माघारी फिरतो, आणि फिरला की तो सुलट्याच्या बाजूने लढतो. ज्या प्रयोगशाळेबद्दल पत्र आलं होतं तिथे हे अख्खं कडं त्या तिळावरच कोरत होते. मला तिथे जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

बाबांनी पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, ‘जेवक बस.’ ताटावरून उठताना म्हणाले, ‘कौल घेवया.’

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, परगावची नोकरी, काहीही ठरवायचं तर देवाला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर अपील नाही. आईच्या आजारपणात मुंबईला न्यायचं की नाही याचाही कौल घेतला होता. डावा पडला होता. बाबांनी नेलं नाही. मी त्यावर कधी बोलले नाही, पण विसरलेही नव्हते.

‘बाबा, तुमी वर्गात पोरांक गुरुत्वाकर्षण शिकवतास,’ मी म्हटलं.

‘शिकवतंय मां. पाकळी पडाक गुरुत्वाकर्षणच लागता.’

मी रागाने भांडी आपटली. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. गुरव शुक्रवारी आचऱ्याला गेलेले, त्यामुळे शनिवारची सकाळ ठरली. मालवणचं तारघर पाचला बंद व्हायचं. आमच्या गावातून वेळेत पोचवणारी शेवटची एसटी अडीचची होती. नंतरची निघायची तीच पाचला, ती असून नसून सारखी.

शुक्रवार कसा गेला ते मला नीट आठवतं. आमच्या देवळात रीत अशी, की ज्याचं गाऱ्हाणं त्याच्या घरच्या समया. आईच्या दोन समया मी चिंचेने घासल्या आणि वाती वळायला बसले. वळता वळता पाकळ्या का पडतात याचा विचार सुरू झाला. पाणी सुकतं, पाकळीची कड वळते, पाकळी सुटते. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर समया असतात. ज्या बाजूची ज्योत मोठी, ती बाजू आधी सुकणार. मी हात थांबवून बसले. मला तो पितळी स्क्रू दिसायला लागला. मग मी एक वात दोन वातींना पीळ घालून केली, आणि दुसरी जमेल तेवढी बारीक.

देव मानत नव्हते म्हणून मी हे केलं, असं नाही. मानते की नाही हे ठरवायची वेळच तोवर आली नव्हती. मी केलं कारण मला जायचं होतं, आणि पाकळीच्या हाती माझं आयुष्य द्यायला मी तयार नव्हते. रात्री झोप लागली नाही.

शनिवारी दहा वाजता आम्ही देवळात पोचलो. पाऊस भुरभुरत होता आणि हवा इतकी दमट, की काडेपेटी पेटेना. सभामंडपात आम्ही तिघंच. गाभाऱ्यात बायकांना मज्जाव, म्हणून मी समया उंबऱ्यावर ठेवल्या. जाड वातीची माझ्या उजव्या हाताला, बारीक वातीची डाव्या. गुरवांनी दोन्ही जशा होत्या तशा आत सरकवल्या आणि पेटवल्या. मी बाबांकडे बघितलं. ते ज्योतींकडे बघतच नव्हते. हात जोडून, मान खाली घालून उभे होते, परीक्षेला आलेल्या पोरासारखे. मला वाईट वाटलं. पण मागे सरकायचा विचार आला नाही, हेही खरं.

गुरवांनी पहिली पाकळी पाण्यात बुडवून मूर्तीच्या खांद्यावर लावली. ‘ह्यो उजवो.’ दुसरी लावली. ‘ह्यो डावो.’

उजवी पाकळी माझ्या डाव्या हाताला होती.

उजवा म्हणजे देवाचा उजवा. माझा नव्हे. लहानपणापासून पन्नास कौल पाहिलेल्या पोरीला हे कोणी झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण दोन वर्षं मी प्रयोगशाळेत स्टुलावर बसून सगळ्या दिशा माझ्याकडून मोजत आले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जाड वात डाव्या पाकळीखाली जळत होती. माझ्या हाताने मी माझा नकार पेटवून ठेवला होता.

गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं. ‘बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक परमुलखातसून बोलावणा इला आसा. बापाशीक काय सुचना नाय. तिना जावचा आसात तर उजवो दी, जावचा नसात तर डावो दी रे म्हाराजा.’

‘होय म्हाराजा,’ बाबा म्हणाले. मलाही म्हणावं लागलं.

देवाच्या डावीकडची ज्योत सरळ उभी, बोटभर उंच. तिच्या वरची पाकळी चकाकत होती, मग चकाकी गेली. उजवी अजून ओलीच. मी मनात म्हणत होते, वारा येऊ दे, वात विझू दे, काहीही होऊ दे. पाच मिनिटं झाली असतील. डाव्या पाकळीची खालची कड दगडापासून सुटली आणि वर वळायला लागली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प बसले तर जागा गेली, बोलले तर बाबा गेले.

‘थांबा!’ मी ओरडले. देवळात माझा आवाज घुमला आणि मीच दचकले. ‘काका, पाकळी काढा. वाती सारख्या नाहीत. मी मुद्दाम तशा केल्या.’

गुरवांनी पाकळी तळहाताखाली दाबून धरली आणि मागे वळून पाहिलं. ‘कौलात हात घातलंस?’ एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि ती बघून मीही भ्याले.

बाबा उंबऱ्यापाशी आले. वाकून एक ज्योत पाहिली, मग दुसरी. घरी-दारी मालवणी बोलणारा हा माणूस वर्गात शिरला की पुस्तकी मराठीत बोलायचा. आत्ता ते तसं बोलले. ‘जाड वातीने किती फरक पडतो?’

‘माहीत नाही. मोजला नाही.’

‘न मोजता केलंस?’

याच्याइतकं ते मला आयुष्यात कधी रागावले नव्हते. मग आवाज खाली आला. ‘आणि देवाचो उजवो खयचो, ता पण तुका ठावक नाय.’

‘चुकलंय, बाबा.’

‘बरोबर बाजूक लावलं असतंस तर सांगलं असतंस?’

खोटं बोलायचा तो क्षण होता. मी म्हटलं, ‘नाय.’

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता छत्री उचलून घरी जातील आणि विषय संपला. ते गेले नाहीत. गुरवांना म्हणाले, ‘देवाक न्हाणव. माफी मागया. परत लावया.’ आणि स्वतः उंबऱ्याशी बसून त्यांनी माझ्या त्या पिळलेल्या वातीचा पीळ उलगडला. त्यातून निघालेल्या दोन वाती शेजारी धरून तपासल्या, वाढीव टोक नखाने खुडलं, आणि तेल दोन्हींत सारखं आलं की नाही ते बघायला डोळे समईच्या पातळीवर आणले. मोजपात्र वाचायची त्यांची हीच पद्धत होती.

नारळ फुटला. नवीन पाकळ्या लागल्या. तेच गाऱ्हाणं परत झालं. अकरा वाजले.

त्यानंतर काहीच झालं नाही. दोन्ही ज्योती बारीक, हवा ओली कच्च. पाकळ्या दगडाला अशा बसल्या की जणू तिथेच उगवल्या. बारा वाजले. माझ्या प्रयोगातला उजेड निदान फटकन एक बाजू घ्यायचा, चुकीची का होईना. हे थांबणं मला सोसेना. मी घड्याळ बघत होते, आणि बघताना बाबांनी बघू नये म्हणून पदराखाली मनगट धरत होते. एक वाजला. गुरवांनी तेल घातलं, दोन्हींत मोजून पळीपळी. बाबा एकाच जागी उभे होते. त्यांचे पाय दुखत असणार. बसा म्हणायची माझी छाती झाली नाही. दीड वाजला.

‘मास्तरानू,’ गुरव अखेर म्हणाले, ‘देव बोलणा नाय. गाऱ्हाणा चुकला आसतला. विचारूचा ता विचारूक नाय, म्हणान बोलणा नाय.’

आमच्याकडे हे ऐकून कोणी वाद घालत नाही. कौल अडला तर प्रश्न बदलायचा असतो. बाहेर पागोळ्यांचं पाणी पडत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की एसटी अडीचची आहे. मग बाबा पुढे झाले आणि गुरवांची वाट न बघता स्वतःच बोलायला लागले.

‘म्हाराजा, हिना जावचा ता हिचा हिना कधीच ठरवल्यान आसा. ता आमी तुका विचारूचा काम नाय. मी माझा विचारतंय. हिका धाडून ह्या घरात माका एकट्याक रवाक जमतला काय? जमतला तर उजवो दी. नाय जमाचा तर डावो दी.’

‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. गुरवही म्हणाले नाहीत, मीही नाही.

पुढे मीही आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. मला कोणी विचारलं तर मी सांगेन, की अडीच तास ज्योतीजवळ राहून ती पाकळी आधीच सुकत आली होती. पण त्या वेळी मी तिथे उभी होते. बाबांचे हात अजून जोडलेले होते, आणि पाकळी पडली.

‘डावो, मास्तरानू,’ गुरव म्हणाले, अगदी हळू.

मला रडू कोसळलं. म्हटलं, संपलं. बरं झालं म्हणावं की वाईट, हेही कळेना. बाबांनी पाकळी गुरवांच्या हातून घेतली, डोळ्यांना लावली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. वळून मला म्हणाले, ‘रडतंस कित्याक? तुझो कौल नव्हतो तो. माझो हो. माझा माका कळला, माझा मी बघतंय. चल, एसटी चुकात.’

आम्ही चिखलातून धावलो. बाबांची एक चप्पल तुटली, तेव्हा दोन्ही त्यांनी हातात घेतल्या. एसटीत कंडक्टरने विचारलं, ‘मास्तर, खंय जावचा?’ आणि बाबांनी ‘मालवण, दोन’ असं इतक्या मोठ्याने सांगितलं, की पुढची माणसं वळून बघायला लागली. तारघरात फॉर्म मी भरला. होकाराची तार मी चार वाजता केली. सगळा वेळ ते दारात अनवाणी उभे होते. परतीच्या एसटीत माझ्या मांडीवर त्यांची ओली छत्री होती आणि साडी भिजत होती, पण मी ती बाजूला ठेवली नाही.

मी गेले. दीड वर्ष तिथे राहिले, आणि ज्यासाठी गेले होते ते काम झालं. कोरलेल्या कड्यातला उजेड आम्ही सांगू त्या दिशेने फिरायचा, आणि सांगितलं की दिशा बदलायचा. बाबांची पत्रं दर पंधरवड्याला येत, शाळेच्या शाईत, वळणदार अक्षरात. भात बरा होतो. फणसाला फळ चांगलं धरलंय. विहिरीचं पाणी टिकून आहे. तब्येत उत्तम. एकाही पत्रात तक्रार नाही. मी ती वाचून मैत्रिणींना सांगत असे, बघा, देवाचं काही खरं नसतं.

परत आले तेव्हा मालवणच्या स्टँडवर मी बाबांना शोधत फिरले. चहाच्या टपरीपाशी बाकावर एक म्हातारा बसला होता, सदरा अंगावर टांगल्यासारखा. त्याला ओलांडून मी दोनदा पुढे गेले. तिसऱ्यांदा त्याने हाक मारली, आणि आवाजावरून मी ओळखलं.

घरी पोचल्यावर शेजारणीने सगळं सांगितलं. वर्षभरापूर्वीच त्यांनी शाळा सोडली होती. दिवसातून एकदा जेवत, तेही कोणी ताट आणून ठेवलं तर. आईच्या आणि माझ्या खोलीची दारं लावून ओटीवरच झोपत. दोनदा तापाने बेशुद्ध सापडले होते.

मी त्यांच्यासमोर बसले आणि पत्रांचा गठ्ठा मांडीवर ठेवला. मला राग आला होता, त्यांचा, माझा, सगळ्यांचा. ‘ह्यातला एक तरी अक्षर लिवचा होतास, बाबा.’

‘लिवला असता तर तू इलं असतंस,’ ते म्हणाले.